धुऱ्यावरचा गोटा

गुरुवार, रात्री

मृगाला अजून अवकाश आहे, वावरं मोकळी पडली आहेत. धुऱ्याची, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाची, भांडणं निघायचे हेच दिवस. आज संध्याकाळी भावकीतले दोघे सख्खे भाऊ पारावर समोरासमोर बसले होते आणि साक्षीला आणलं होतं ऐंशी ओलांडलेल्या आबाजींना. तरुणपणी ते त्याच वावरात सालदार होते.

एका जाणत्या माणसाने विचारलं, "आबाजी, धुऱ्यावरचा तो मोठा गोटा कोनं सरकवला?"

आबाजी जरा थांबले. "गोटा... हाव, होता ना बाप्पा. बाभळीपाशी होता." मग लोक विचारत गेले तसा गोटा मोठा होत गेला. त्याला शेंदूर होता, त्यावर बसून न्याहारी व्हायची. धाकटा भाऊ ताडकन उठला, "बुढा खोटं बोलून रायला!" आबाजींचा चेहरा एकदम उतरला. तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तिथे गोटा होता की नव्हता, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. "तो गोटा" म्हटलं की गोटा होताच, हे प्रश्नातच ठरून जातं. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे १९७० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. दर वर्षी अकरावी-बारावीच्या मुलांना मी ते शिकवते, पण आज ते माझ्या गावात, माझ्या माणसांत घडताना पाहिलं.

त्यांचा १९७४ चा प्रयोग असा. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि नंतर वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींवर "आदळून चेंदामेंदा झाल्या" तेव्हा किती होता? पहिल्यांचा अंदाज ताशी सरासरी ३४ मैल, दुसऱ्यांचा जवळपास ४१. फिल्म तीच होती. दुसऱ्या एका गटाला आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती "दिसली" होती, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. आबाजीही बोलत नव्हते.

आठवण डोक्यात फोटोसारखी जपून ठेवलेली नसते. इंग्लंडच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलं की माणूस आठवतो म्हणजे दर वेळी नव्याने रचतो. त्यांनी केंब्रिजच्या लोकांना परक्या मुलखातली एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने सांगायला लावली. न समजलेले भाग गळाले, अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या आल्या, होडगं जाऊन नाव आली. आपल्याकडे धुऱ्यावर गोटा असतोच, त्याला शेंदूर फासलेला असतो. आबाजींच्या मनाने रिकामी जागा गावाच्या रीतीने भरून घेतली.

याहून मला चटका लावणारी गोष्ट २००० सालची. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं. आधीच पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली आणि त्याच वेळी मेंदूत प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध दिलं, तर ती आठवण क्षीण झाली. आठवण जागी न करता औषध दिलं तर तसं झालं नाही. म्हणजे आठवण वर काढली की ती थोडा वेळ ओली होते आणि पुन्हा वाळते. सणासुदीला भिंत सारवताना जुन्या शेणमातीवर नवी बोटं उमटावीत, तसं. आबाजी उद्या गोटा आठवतील तेव्हा त्यात आजचा पारही मिसळलेला असेल. या एका कारणासाठी चारचौघांत साक्ष घेणं मला मुळीच पटत नाही. एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण वळते, आणि मग चार साक्षी जुळल्या म्हणून सगळे निश्चिंत.

हद्द ठरवायला सरकारी मोजणी आहे, तिच्या नकाशाची क प्रत आहे, ते काम आबाजींच्या गळ्यात घालू नये. भांडणाऱ्या दोघांतल्या मोठ्या काकाजींना मी तेच म्हटलं. ते म्हणाले, "मोजनी होईन तवा होईन, मले माह्या बापाचा शब्द पायजे." वडिलांनी वाटणी करताना काय कबूल केलं होतं, हा त्यांचा खरा सल आहे. तो नकाशात सापडणार नाही, हे मलाही कळतं. आणि दोघा भावांना वडिलांची वेगवेगळी वाक्यं अगदी आवाजासकट आठवतात.

त्या वाटणीच्या वेळी शेजारच्या वावरातली एक म्हातारी निंदायला होती, असं आई म्हणते. आज ती पारावर आली नव्हती, तिच्यासमोर गोट्याचं नाव अजून कोणी काढलेलं नसेल. सकाळी कॉलेजला निघायच्या आधी एकटीच तिच्याकडे जाते. "त्या धुऱ्यावर काय काय होतं?" एवढंच विचारायचं, आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत, मध्ये न तोंड घालता, तिथेच लिहून घ्यायचं.