ओकायामाचं माहेरपण

ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी सोडायची. तोक्योत नेमकं उलटं. 1970 च्या एक्स्पोच्या वेळी ओसाकाने ही पद्धत उचलली असं म्हणतात. त्या दुपारी सासूबाई खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली अशा ऐन डावीकडे उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे आठ-दहा माणसं मुकाट थांबली होती. कुणी चकार शब्द काढला नाही. तेच तर वाईट. मी "आई, इकडे, इकडे" करत त्यांचा दंड धरून ओढलं आणि मागे वळून सगळ्यांना वाकून वाकून माफी मागितली. वर पोचल्यावर नवरा म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूची?"

लग्नाआधी मी जपानमधल्या ओकायामात शिकायला होते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, दर दोन सोसायट्यांमागे कुणीतरी कांजी अक्षरं घोकत बसलेलं असतंच. मी त्यातलीच एक. तिथे राहून आले, लग्न झालं, मुलं झाली, आणि "आमच्या जपानमध्ये" हे पालुपद घरात इतकं वाजवलं की मुलं आता माझी नक्कल करतात. यंदा एकदाचे सगळे निघालो. सासरच्या माणसांना पहिल्यांदा माहेरी नेताना बाईचा जीव कसा टांगणीला लागतो, तसं माझं झालं. घर आवरलेलं असेल ना, भाऊ धड बोलेल ना, पोहे खारट होणार नाहीत ना. आणि हे माहेर तर बारा कोटी माणसांचं.

पहिली धास्ती अर्थातच जेवणाची. जपानी स्वयंपाकात सगळ्याच्या तळाशी दाशी, म्हणजे चवीचं पाणी, असते, आणि दाशीत बहुतेक वेळा वाळवून किसलेला मासा. मिसोच्या सूपमध्ये तो, उदोन नूडल्सच्या पाण्यात तो, वरून निष्पाप दिसणाऱ्या पालेभाजीतही तोच. सासूबाई पक्क्या शाकाहारी. मी दुकानादुकानात उभी राहून ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यांच्या, पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचत होते, कारण उमेबोशी म्हणजे नुसतं खारवलेलं आंबट फळ, पण कधी कधी त्यातही माशाचा अर्क घालतात. सासूबाईंना यातलं काहीच टेन्शन नव्हतं. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे छोट्या दुकानातून, शिजवलेल्या भाताचं पाकीट गरम करून आणायला लावलं. खोलीत खिडकीजवळ बसून भात कागदी बशीत काढला, पर्समधून मेतकुटाची पुडी निघाली, मग तुपाची डबी. तिकडचा तांदूळ आखूड आणि चिकट. बोटांनी कालवला की मेतकूट शिताशिताला धरतं, सुटं राहत नाही. पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या, "तांदूळ छान आहे हो तुमचा." जणू आमच्या शेतातलाच.

दुसरा त्रास नवऱ्याचा. त्याने विमानात दोन शब्द पाठ केले होते. हॉटेलातल्या बाईला "अरिगातो गोझाइमास" म्हणाला, तर ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "निहोंगो ज्योझु देस ने!" म्हणजे काय सुरेख जपानी बोलता तुम्ही. मी वर्षानुवर्षं घासून परीक्षा दिल्या, क्रियापदांची आदरार्थी रूपं पाठ करता करता रडले, आणि मलाही तिने तेच सर्टिफिकेट दिलं, तेवढ्याच गोड आवाजात. जपानमध्ये परदेशी माणसाने तोंड उघडलं की ही शाबासकी मिळतेच, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने ती मनावर घेतली.

क्योतोबद्दल लिहीत नाही. 2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. ते अजून परत गेलेच नसावेत, असं तिथल्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींखाली वाटलं.

नारा मात्र माझ्या बाजूने उभं राहिलं. तिथली हरणं बिस्किटासाठी मान लववून नमस्कार करतात. मुलगी खूश, मुलाच्या हातातला नकाशा एका हरणाने खाल्ला, तोही खूश. तोदाइजीत पंधरा मीटरच्या बुद्धासमोर सासूबाई हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी हळूच सांगितलं, की 752 साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला आणि तो करायला भारतातून आलेला बोधिसेन नावाचा भिक्षू होता. बुबुळं रंगवायच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना लागावं.

"प्राणप्रतिष्ठाच की मग," त्या म्हणाल्या. "आणि गुरुजी आपल्याकडचे."

त्या वाक्यानंतर जपानची पत घरात एकदम वाढली. याच देवळात एका खांबाला आरपार भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं, त्यातून सरपटत पलीकडे गेलं की ज्ञान मिळतं म्हणतात. विद्यार्थिनी असताना मी गेले होते. मैत्रिणीने हात धरून ओढून काढलं होतं, कोपर सोलवटलं होतं. तेव्हा मिळालेलं ज्ञान कुठे खर्च झालं, देव जाणे. या वेळी खांब लांबूनच दाखवला.

आणि मग ओकायामा. शिनकानसेन या बुलेट ट्रेनने ओसाकाहून पाऊण तास. स्टेशनबाहेर लोककथेतल्या मोमोतारोचा पुतळा, कुत्रा-माकड-तितराची फौज घेऊन तसाच उभा. ट्रामने शिरोशिताला उतरलो आणि चालत कोराकुएनला आलो. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. इकेदा त्सुनामासा या इथल्या सरदाराने 1687 मध्ये करायला घेतली, 1700 मध्ये पूर्ण झाली. इतर जपानी बागांसारखी दाटीवाटी नाही, लांबच लांब हिरवळ, मध्ये ओढा, चहाचा छोटा मळा, आणि पलीकडे नदीपार काळा किल्ला असा, की बागेचाच भाग वाटावा. अभ्यासाचा कंटाळा आला की मी इथे येऊन बसायची. आता सगळ्यांना त्या जागी आणून मी गप्प उभी राहिले. कौतुकाला जागा हवी ना.

सासूबाईंनी चहूकडे नजर फिरवली. "अगं, हे आपल्या सिंहगड रोडसारखंच आहे की!"

आता सिंहगड रोडचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान या बागेवरूनच केलंय, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या तिथे रोज संध्याकाळी भिशीच्या मैत्रिणींबरोबर फेऱ्या मारतात. मी म्हटलं, "आई, मूळ बाग ही आहे." त्या म्हणाल्या, "असेल. पण तिथे बाहेर भेळ मिळते."

नवरा इतका हसला की एका जपानी आजोबांनी वळून पाहिलं. मी सवयीने वाकले.

किल्ल्यात मात्र त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. आत लिफ्ट पाहून म्हणाल्या, "जुना कुठे गेला?" 29 जून 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाला, हा 1966 चा, सिमेंटचा. बागही तेव्हा होरपळली होती, जुनी चित्रं बघून पुन्हा उभी केली. हे सांगताना मुलाने विचारलं, इथून हिरोशिमा किती लांब. शिनकानसेनने पाऊण तासही नाही. आमच्या यादीत ते नव्हतं. यादी मीच केली होती. माहेरी आलेल्यांना कुणी सगळ्याच खोल्या उघडून दाखवत नाही. पुढच्या वेळी बघू, असं नवरा म्हणाला आणि विषय तिथेच राहिला.

परतीच्या विमानात मात्र पुढच्या वेळी व्हिएतनाम असं ठरलंसुद्धा. स्वस्त आहे म्हणे. मी लगेच हो म्हटलं. मला तिथली भाषा येत नाही, म्हणजे मला एकदाची सुट्टी मिळेल.