कोपऱ्याचा ट्रायग्लिफ: तीन आठवडे, दोन पट्ट्या वाया आणि ४.६ मिलिमीटर

मंडळी, आधी वाईट बातमी. पार्थेनॉन, म्हणजे अथेन्सचं प्राचीन ग्रीक देऊळ, त्याचं मी १:१०० मापाचं मॉडेल करतोय. मागच्या वेळी त्याच्या ज्या पश्चिम दर्शनी भागाचा फोटो टाकून मी मिरवलं होतं, तो आता उकललाय. सावंतवाडीहून खरादून आणलेले खांब सुखरूप आहेत. वरची ट्रायग्लिफांची (उभ्या खाचांच्या ठोकळ्यांची) पट्टी मात्र कचऱ्यात गेली. दोनदा.

चांगली बातमी शेवटी सांगेन म्हणत होतो, पण राहवत नाही: काल रात्री साडेअकराला कोपरा जुळला.

अडलं कुठे ते सांगतो. पार्थेनॉन ज्या डोरिक पद्धतीने बांधलंय, त्या ग्रीक बांधणीत नियम दोनच. प्रत्येक खांबाच्या मध्यरेषेवर एक ट्रायग्लिफ आणि दर दोन खांबांच्या मधोमध आणखी एक. मधल्या चौकटींत मेटोप, म्हणजे चौकोनी पाट्या. हा पहिला. दुसरा असा, की पट्टी संपते तिथे ट्रायग्लिफच हवा. म्हणजे कोपऱ्यावर दोन बाजूंचे दोन ट्रायग्लिफ एकमेकांना खेटून उभे राहतात. दोन्ही नियम वाचताना सोपे वाटतात आणि एकत्र पाळता येत नाहीत, कारण ट्रायग्लिफ अरुंद असतो आणि खालची तुळई जाड. १:१०० या मापात माझी तुळई १७.७ मिमी आहे, ट्रायग्लिफ ८.४५. कोपऱ्यातला ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावर बसवला, की त्याच्यापलीकडे ४.६ मिमी जागा उघडी पडते. तो टोकाला सरकवला, की शेजारचा मेटोप तेवढाच फुगतो.

ट्रायग्लिफ म्हणजे मूळच्या लाकडी देवळातल्या तुळयांची टोकं, असं रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसपासून सगळे सांगत आलेत. माझा त्यावर पहिल्यापासून आक्षेप आहे. आपल्या वाड्यात तुळयांची टोकं खणाच्या एकाच दिशेला बाहेर येतात. एकाच कोपऱ्यावर, एकाच उंचीला, दोन्ही दिशांनी टोकं कुठून येणार? असो, हा वाद पुन्हा कधीतरी.

माझी मूळ चूक आळसातली. ८ खांब म्हणजे ७ खण. पहिल्या आणि शेवटच्या खांबाच्या मध्यांतलं अंतर मला माहीत होतं, २८८.५ मिमी. त्याला ७ ने भागलं आणि सगळे खण ४१.२ चे करून टाकले. पट्टी लेसरवर कापून घेतली. (लेसरवाल्याबद्दल: कड जळून काळी येणार हे आधी सांगत नाहीत, आणि विचारलं तर "पॉलिश मारा" म्हणतात. माउंट बोर्डाला पॉलिश! यापुढे मी आणि माझं ब्लेड.) पट्टी चढवली तर बाकीचे मेटोप १२.१५ आणि दोन्ही टोकांचे जवळजवळ १६.८. पुढचा दात पडलेलं पोर हसतंय असं देऊळ दिसायला लागलं.

त्याच आठवड्यात घरी बाथरूमचं काम चालू होतं. फरशीवाल्याला सहज विचारलं, माप बसलं नाही तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, "साहेब, कट पीस कुठेतरी येणारच. तो दाराआड टाकायचा." मला ते इतकं पटलं की त्यात पुढचा आठवडा गेला. देवळाला दार असतं, पण दाराआडचा कोपरा नसतो, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. प्रोपिलायातून, म्हणजे टेकडीवरच्या प्रवेशद्वारातून, आत आल्यावर माणसाला आधी दिसतो तोच हा वायव्येचा कोपरा!

दुसरी पट्टी रोमन पद्धतीने केली. व्हिट्रुव्हियसचा उपाय असा: खांब समान अंतरावर राहू द्या, ट्रायग्लिफ मध्यावर ठेवा, आणि उरलेल्या जागेत अर्धा मेटोप टाका. दिसायला एकदम नीटनेटकं. पण ग्रीक नाही. सरकारी कचेरीचं प्रवेशद्वार वाटतं. तो रोमन माणूस हेही नोंदवून ठेवतो की अर्केसियस, पिथियस आणि हर्मोजेनीस या जुन्या स्थपतींनी याच भानगडीमुळे डोरिक पद्धत देवळांना लायक नाही असं म्हटलं होतं. हर्मोजेनीसने तर डोरिक देवळासाठी तयार करून घेतलेला संगमरवर आयत्या वेळी फिरवला आणि त्यातून डायोनिससचं आयोनिक, म्हणजे दुसऱ्या ग्रीक पद्धतीचं, देऊळ उभं केलं. हे वाचल्यावर फार बरं वाटलं. मी निदान माउंट बोर्डच फेकला होता.

मग मुकाट्याने ग्रीकांकडे वळलो. त्यांचा तोडगा म्हणजे कोपऱ्याचा खण आखडता घ्यायचा. किती? तुळईची जाडी वजा ट्रायग्लिफची रुंदी, भागिले दोन. तेच आपले ४.६. मधला खण ४२.९५, म्हणजे कोपऱ्याचा ३८.३५. प्रत्यक्ष देवळावर घेतलेली मापं मात्र कोपऱ्याच्या खणाला माझ्या प्रमाणात ३७ च्या जरा खालीच ठेवतात. मी काय केलं असेल? सूत्रावर विश्वास ठेवला, आणि मोजणाऱ्यांचं काहीतरी चुकलं असेल असं गृहीत धरलं. पुण्यात बसून.

खांब मांडले. कोपऱ्याचा खांब जोत्याच्या बाहेर लटकला.

एकच मिलिमीटर, पण दोन्हीकडे. जोतं ३०८.८ मिमी रुंद आणि माझी खांबांची ओळ ३१०.८५. व्हर्निअर तीनदा लावला, शून्य तपासलं, सेल बदलला. शेवटी ३६.९ धरून मांडले, तर ओळ जोत्यावर अशी बसली की बाहेर जेमतेम अर्धा मिमी काठ राहिला. मोजणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पार्थेनॉन बांधणाऱ्यांनी कोपऱ्याचा खण गरजेपेक्षा जास्त आवळला आहे.

का, यावर वेगवेगळी मतं आहेत. मला पटतं ते डोळ्याचं कारण. कोपऱ्याच्या खांबामागे भिंत नसते, उघडं आकाश असतं, त्यामुळे तो सडसडीत भासतो. म्हणून त्याला एक पन्नासांश जाड करा, असं व्हिट्रुव्हियस सांगतो. माझा साधा खांब बुंध्याला १९.०५ मिमी. त्याचा पन्नासावा भाग मिळवला की १९.४ येतो, आणि पार्थेनॉनच्या कोपऱ्याच्या खांबाचं मापही जवळपास तेवढंच भरतं. लिहिणारा चारशे वर्षांनी आला, पण हिशेब जुनाच उतरवून घेतलेला दिसतो.

आता गंमत बघा. खण जास्त आवळला, की कोपऱ्याचे मेटोप फुगण्याऐवजी उलटे आखडतात. मधले १३.०, कोपऱ्याच्या खणातले १२.३. म्हणजे पुन्हा फरक आलाच, फक्त उलट्या बाजूने. इथे मी दोन दिवस हात टेकले होते.

सुटका झाली ती अशी. पश्चिमेच्या पट्टीची पूर्ण लांबी ३०६.२५. त्यातून १५ ट्रायग्लिफांची जागा वजा केली, तर १४ मेटोपांना १७९.५ उरतात. मध्यापासून एका बाजूचे ७ घेतले तर ८९.७५. हे समान वाटायचे नाहीत. मध्यापासून टोकाकडे असे उतरवायचे: १३.२, १३.१, १३.०, १२.९, १२.७, १२.५, १२.३५. बेरीज करून बघा, बरोब्बर येते. याची किंमत अशी की ट्रायग्लिफ खांबांच्या मध्यरेषेवरून केसभर सरकतात, आणि पहिला नियम थोडा थोडा सगळीकडे मोडतो. खऱ्या पार्थेनॉनवरही हेच आहे. मेटोप एकसारखे नाहीत, मधले रुंद, टोकाचे अरुंद, ट्रायग्लिफही खांबांच्या अगदी डोक्यावर नाहीत. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि "जुन्या काळचं हातकाम, चालायचंच" म्हणून सोडून दिलं होतं. पार्थेनॉनचे स्थपती इक्टिनस आणि कॅलिक्रेटीस, माफ करा.

माझे आकडे माझेच आहेत, त्यांनी नेमके हेच वापरले असा दावा नाही. पण पट्टी हाताने कापली, चढवली, चार पावलं मागे गेलो, आणि काहीच खटकलं नाही. बायकोला विचारलं, यातलं कुठलं घर मोठं दिसतंय? ती म्हणाली, "सगळी सारखीच आहेत की. आता झोप."

छोट्या गोष्टी भराभर. जोत्याचा फुगवटा जमला. मूळ जोतं लहान बाजूला मध्यावर सुमारे ६ सेंमी उचललेलं आहे, म्हणजे माझ्याकडे ०.६ मिमी. कार्डाच्या पट्ट्यांचे थर मध्यापासून कमी करत नेले आणि वर एकसंध बोर्ड चिकटवला. परीक्षा स्वयंपाकघरात घेतली. एका टोकाला रव्याचा कण ठेवला, दुसऱ्या टोकाला फोन असा धरला की त्याचं भिंग काठाशी टेकेल. कण गायब! मग मोहरीचा दाणा ठेवला, तर त्याचं फक्त डोकं वर आलं. लांब बाजूला मूळ फुगवटा ११ सेंमीच्या आसपास आहे, पण माझ्या मॉडेलमध्ये त्या बाजूचे तीनच खण असल्याने तिथे जेमतेम चढाची सुरुवात येते.

खांबांचं पोट मात्र सोडून दिलं. मूळ खांब साडेदहा मीटरचा आणि पोट दोनेक सेंमीचं. माझ्या मापात ते ०.२ मिमीसुद्धा नाही. काही जण ते मुद्दाम वाढवून दाखवतात. मला ते आवडत नाही. मग खांब अजीर्ण झाल्यासारखा दिसतो.

ट्रायग्लिफांखाली प्रत्येकी सहा थेंब असतात, त्यांना मी पागोळ्या म्हणतो. त्यासाठी खसखस वापरली. १५ गुणिले ६, म्हणजे पश्चिमेला ९० दाणे, चिमट्याने. पांढऱ्या गोंदात दाणा तरंगतो आणि जागा सोडतो. गोंद आधी दहा मिनिटं उघडा ठेवून घट्ट होऊ द्या, मग बसतो. छज्ज्याखाली प्रत्येक पाटीवर १८ पागोळ्या आहेत त्या करणार नाही. २९ पाट्या, गुणाकार तुम्हीच करा.

आता बदललेला बेत. या इमारतीबद्दल लिहिताना नैतिक प्रश्न म्हणून मी डेलॉस संघाचा, म्हणजे अथेन्स आणि त्याच्या मित्रराज्यांच्या युतीचा, पैसा घेणार होतो. इ.स.पू. ४५४ मध्ये मित्रराज्यांचा खजिना अथेन्सला हलवला, आणि ४४७ मध्ये याचं बांधकाम सुरू झालं. त्यावर त्या काळीही ओरड झाली होती. टिपणं काढून तयार होती. पण पट्टी जुळल्यावर मेटोपांची शिल्पं करायला बसलो आणि गाडी दुसरीकडेच वळली.

पश्चिमेच्या १४ मेटोपांवर ॲमेझॉन स्त्रियांशी युद्ध आहे. देवळाचं चर्च झाल्यानंतरच्या काळात ते ठोकून विद्रूप केले गेले, असं अभ्यासक मानतात. आज आकृत्या धड ओळखू येत नाहीत. जे दिसतच नाही ते मी १३ मिमीत काय घडवणार? म्हणून पश्चिम सपाट ठेवतोय, थोडी खडबडीत. दक्षिणेचे मेटोप मात्र पुष्कळ वाचलेत. तिथे सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) आणि लॅपिथ या लोकांची मारामारी आहे. लॅपिथांचा राजा पिरिथूस, त्याच्या लग्नाला बोलावलेले सेंटॉर पिऊन तर्र झाले आणि नवरीलाच पळवायला निघाले. आपल्याकडे पाहुणा देव, आणि देवाला कोण काय बोलणार! ग्रीकांकडे पाहुण्यालाही बंधनं होती. त्यांच्या भाषेत पाहुण्याला आणि परक्याला शब्द एकच, झेनोस. तेव्हा ही गोष्ट लग्नातल्या राड्यापेक्षा जास्त आहे. यावर सविस्तर लिहायचंय.

तर माझ्या मॉडेलमध्ये नैर्ऋत्य कोपऱ्यापासून दक्षिणेचे तीन खण येतात, म्हणजे सहा मेटोप. यादी काढली. पहिला अथेन्समध्येच राहिला. दुसरा ते सहावा लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने उतरवून नेलेल्यांपैकी, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतलेले. आणि चौथ्याची तऱ्हाच वेगळी. धडं लंडनला आणि दोन मुंडकी कोपनहेगनला. १६८७ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या तोफगोळ्याने देवळातला तोफेच्या दारूचा साठा उडाला, आणि पुढच्याच वर्षी त्या सैन्यातल्या एका डॅनिश कप्तानाने ती डोकी घरी पाठवली. म्हणजे एल्गिनच्या शंभरेक वर्षं आधी. मूर्ती परत द्याव्यात का या वादात दोन्ही बाजू एल्गिनवरच अडतात. माझ्या समोर १३ मिमीचा एक तुकडा आहे आणि त्याचे दावेदार तीन शहरांत आहेत.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस म्युझियममध्ये बाहेर गेलेल्या तुकड्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती लावतात, जुन्या पिवळसर दगडाशेजारी त्या लगेच कळतात. मी तेच करणार. पहिला मेटोप चहाच्या पाण्याने रंगवलेला, दुसरा ते सहावा कोरा पांढरा. चौथ्याची मुंडकी वेगळ्या, किंचित राखाडी पांढऱ्यात. हे लिहिता लिहिताच सुचलं, त्यामुळे संपूर्ण दक्षिण बाजू निळ्या-लाल मूळ रंगात रंगवायचा आधीचा बेत रद्द. ट्रायग्लिफांचा निळा आणून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर सांगा, बाटली सीलबंद आहे.

आता अडचण एकच. दीड मिमीचं डोकं धडापासून वेगळं घडवायचं आणि मग मानेवर बसवायचं, तेही जोड दिसेल असं. इपॉक्सी पुटी या मापात चुरते. मेण पावसाळी हवेत टिकेल, पण रंग धरत नाही. दंतवैद्य वापरतात ते प्लास्टर कुणी इतक्या बारीक कामाला वापरून बघितलंय का? किती वेळात आवळतं?