गॅलरीतलं ऊन आणि पिस्टियाची रोपं

गेल्या नोव्हेंबरात कुर्ल्याच्या बाजारातून पिस्टियाची चार रोपं आणली. पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या उमलत्या गड्ड्यासारखी. मुलुंडला आमची गॅलरी दक्षिणेला उघडते. तिथल्या टबात ती सोडली, सोबत सहा गप्पी मासे. थंडीत जोमाने वाढली. आडवा धुमारा फुटायचा, त्याच्या टोकाला नवं पिल्लू. फेब्रुवारीत मोजली तर तीस.

एप्रिलमध्ये पानं आखडायला लागली, पिवळी पडली. उन्हाळा सोसत नसेल, असं वाटून मी वर हिरवी जाळी बांधली. मे संपताना अकराच उरली, तीही रुपयाएवढी. त्या जाळीची रुखरुख मला अजून आहे.

कोडं आईने सोडवलं. "अरे, डिसेंबरात ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. आता कठड्यावर तरी दिसतंय का?"

खरंच की! मुंबई 19 अंश उत्तरेला. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर. ऊन तिरपं आत शिरतं. पुढे तो वर चढत जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारी तो डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो. बाहेर काहिली, आणि माझी रोपं उन्हावाचून उपाशी! पिस्टिया अळूच्याच कुळातलं, पण अळूसारखं सावलीत निभावत नाही.

जाळी काढली. टबावर वीतभर उंचीवर 20 वॅटची एलईडी पट्टी लावली, रोज दहा तास. पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून टब ॲक्रिलिकने झाकला, तर आतून वाफ धरून थेंब ठिबकायचे आणि गाभा सडायचा. झाकण चार बोटं उचलल्यावर ते थांबलं. तीन आठवड्यांत नवी पानं तळहाताएवढी झाली.

पावसाळ्यात डासांची काळजी होतीच. वर येणाऱ्या अळ्या गप्पी खातात. पण मॅन्सोनिया डासांच्या अळ्या या रोपांच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच हवा घेतात, वर येत नाहीत. म्हणून दर रविवारी मुळं बादलीत खळबळून घेतो आणि ते पाणी कुंडीत ओततो. जास्तीची रोपं खतात जातात. नाल्यात किंवा तलावात एकही टाकत नाही. जलपर्णीने पवई तलावाचं काय केलंय, ते येता-जाता दिसतं.

परवा, सप्टेंबर संपताना, कठड्यावर उन्हाची बोटभर पट्टी आली. टब तिच्याखाली सरकवला.