शांत बाळ

“दोन दिवस फारसं रडलंच नाही, आम्हाला वाटलं किती गुणी बाळ आहे” असं मैत्रीण आज एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) बाहेर म्हणाली आणि ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

९ दिवसांचं बाळ. दूध ओढत नव्हतं, सुस्त पडून होतं, मग एकच हात सारखा झटके द्यायला लागला तेव्हा कुठे धावपळ, एमआरआय, आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी. मला हे मोठ्यांचंच दुखणं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं, इन्फेक्शन झालं की एवढ्याशा जीवालाही होऊ शकतं. आता हेपरिन, म्हणजे रक्ताची गुठळी वाढू न देणारं औषध, चालू आहे.

ती सारखी स्वतःला दोष देतेय. पण बाळ फारच शांत असलं तरी दाखवून आणायचं, हे तिला कुणी सांगितलं होतं का?