सातारच्या वाड्यातलं भरलेलं रिव्हॉल्व्हर

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येतात त्या बहुतेक ठासणीच्या बंदुका: जावळी, पाटणच्या शेतकऱ्यांच्या, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. त्या दिवशी हवालदार साहेबांनी पोत्यात गुंडाळून आणलेला मुद्देमाल वेगळा होता. शहरातला एक जुना वाडा पाडताना माळ्यावरच्या पेटीत सापडलेलं रिव्हॉल्व्हर. घरच्यांनी स्वतःच ते ठाण्यात जमा केलं होतं.

“आवो मिस्त्री, रिकामंच हाय ते. दीडशे वर्सं झाली आसतील. निकामी आसल्याचं तेवढं लिहून द्या.”

अष्टकोनी नळी, नळीवर ‘ॲड्रेस कर्नल कोल्ट लंडन’ अशी अक्षरं, सिलिंडरवर झिजलेलं जहाजांच्या लढाईचं कोरीवकाम. कोल्ट या अमेरिकन बंदूक कंपनीचं १८५१ सालचं नेव्ही मॉडेल, ०.३६ इंच बोअर, सहा घरांचं (घर म्हणजे सिलिंडरमधलं एका बाराचं भोक). कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच चालला, म्हणजे वस्तूचं वय कळलं. पण वयामुळे बंदूक रिकामी होत नाही. काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. कोरडी राहिली तर ती शतकभरानंतरही तशीच पेटते.

या जातीत काडतूस नसतं. दारू आणि गोळी सिलिंडरच्या तोंडाकडून भरतात आणि मागच्या निपलवर, म्हणजे घरात उघडणाऱ्या पोकळ खुंटीवर, तांब्याची केप बसवतात. घोडा पडला की ती टोपी ठिणगी देते. म्हणून आधी निपल बघायचे. एकावर केप होती, हिरव्या गंजाने निपलशी एकजीव झालेली. घोडा दोन निपलांमधल्या बारीक खुंटीवर टेकवून ठेवलेला. भरलेलं हत्यार बाळगायची कोल्टची हीच रीत, त्यामुळे संशय पक्का झाला.

नळी वाळूच्या पोत्याकडे, माझ्या चेहऱ्यावर काचेचं कवच. घोडा आणि केप यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा सरकवूनच घोडा अर्ध्या टप्प्यावर घेतला. नळी ज्या पाचरीवर अडकलेली असते ती उजवीकडून डावीकडे ठोकायची. तेल मुरू दिलं आणि पितळी पंच व लाकडी हातोडीने ती सुटली. नळी पुढे ओढली, सिलिंडर हातात आला. इथून पुढे काही झालं तरी निदान गोळीला नळी नव्हती.

सिलिंडरच्या तोंडांवर चरबी आणि धुळीचा काळा थर. बांबूची काडी प्रत्येक घरात घालून खूण केली. तीन घरांत काडी पूर्ण खोल गेली, तीन घरांत मध्येच थांबली. थर खरवडला तर खाली शिसं, वर पांढरट भुकटी धरलेलं. हवालदार साहेबांनी खुर्ची दोन हात मागे घेतली.

अशा वेळी लोक काय करतात तेही सांगतो, कारण बोटं त्यातच जातात. समोरून ड्रिल मारतात. अडकलेला निपल सुटावा म्हणून गॅसची ज्योत लावतात. तेल ओतून दारू मेली असं धरतात. तेलाचा भरवसा नाही. पाण्याने सोरा विरघळतो, म्हणून पाणीच हवं, तेही दोन-तीनदा बदलून.

केप पाण्याखाली ठेवून बांबूच्या कामटीने उचलली, कारण त्यातलं पाऱ्याचं फल्मिनेट घासलं तरी उडतं. निपल दोन दिवस भेदक तेलात मुरवून, मापाच्या पान्याने सुटले. दोन घरांतली दारू दगडासारखी घट्ट. तिसऱ्यात, जिथे मागून केपेने आणि पुढून चरबीने तोंड बंद केलं होतं तिथे, पाणी वरच्या थरापुरतंच शिरलेलं. खालचे दाणे सुटे, काळे, चकचकीत. पंचांसमोर चिमूटभर दाणे फरशीवर ठेवून लांबून उदबत्ती लावली. भक्कन पेटली. पांढरा धूर, गंधकाचा वास.

उरलेली दारू निपलच्या भोकातून पाण्याखाली पितळी सळईने खरवडली. दोन गोळ्या मागून सळईने ढकलल्यावर निघाल्या. तिसरी हलेना. तिच्यासाठी निपलच्या आट्या मोजून एमआयडीसीतल्या लेथवर जोडतुकडा करून घेतला, निपलच्या जागी बसवला आणि गॅरेजच्या ग्रीस गनने दाब दिला. गोळी मुंगीच्या चालीने बाहेर आली.

घरातला तरुण मुलगा सगळं बघत होता. “काका, हे भरायचे कसे?” परदेशात या नेव्हीच्या नव्या प्रतिकृतींवर नेमबाजी शिकतात, त्यांची रीत त्याला सांगितली. आधी रिकाम्या निपलांवर केपा फोडून तेल जाळायचं. मग घोडा अर्ध्या टप्प्यावर ठेवून प्रत्येक घरात मापाने साधारण वीस ग्रेन, म्हणजे १.३ ग्रॅम काळी दारू. आधुनिक बिनधुराची दारू कधीच नाही. वर लोकरीची चकती, मग गोळी. गोळी घरापेक्षा किंचित मोठी हवी. ठासताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली तरच ती घट्ट बसली. दारू आणि गोळीत पोकळी राहता कामा नये. केपा सगळ्यात शेवटी, नळी निशाण्याकडे धरून. कडी निघाली नाही किंवा केप सैल असली, तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाते आणि दोन-तीन घरं एकदम उडतात. चालवल्यावर त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवायचं आणि निपलच्या आट्यांना ग्रीस लावायचं. जळक्या दारूची राख ओल ओढते. आपल्या पावसाळ्यात तर एका रात्रीत लोखंड लाल होतं.

गोळ्या वजन केल्या, प्रत्येकी पाच ग्रॅमच्या आसपास, आणि वेगवेगळ्या पाकिटांत सील झाल्या. राहिला निकामीचा दाखला. सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची स्प्रिंग तुटलेली होती, घोडा ओढला तरी सिलिंडर जागचा हलत नव्हता. हवालदार साहेबांना तेवढं पुरेसं वाटत होतं. पण शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मधली सूट जुन्या हत्याराला मिळते ती दुरुस्ती करूनही चालणार नसेल तरच. ती स्प्रिंग बसवायला मला अर्धा तास लागतो. अहवालात तसंच लिहिलं, आणि घरच्यांना परवान्याच्या अर्जासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता सांगितला.