आधी वायरिंग, मग पिकअप

परभणी, नांदेड, लातूर कुठंबी जा, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी पोरं आता भेटायलीत, आणि बहुतेकांची पहिली गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची, स्वस्तातली, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली असते. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक न बारीक तारेची गुंडाळी, जी तारांच्या कंपाचा सिग्नल करते; सिंगल कॉइलमधी गुंडाळी एकच. थोडे दिवस वाजवलं की आवाज पातळ वाटायला लागतो न मग सगळे एकच विचारतात, दादा कोणते पिकअप टाकू? माझं म्हणणं एकच आहे, आधी पिकगार्ड (गिटारवरची प्लास्टिकची पाटी) उघड आणि आतली वायरिंग बघ.

आत बारके मिनी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर) असतात, बंद डबीतला प्लास्टिकचा स्विच असतो, वायरी इतक्या नाजूक की दोनदा हलवल्या की तुटतात. पिकअप कितीबी भारी टाका, त्याचा सिग्नल ह्या सगळ्यातूनच जाणार ना. पॉट पूर्ण उघडा असला तरी तो पिकअपला जोडलेलाच असतो, आणि त्याच्यातून थोडी ट्रेबल (आवाजातला तीक्ष्ण भाग) कायम ग्राउंडला जात राहते, २५० के (किलो-ओहम) मधून जास्त आणि ५०० के मधून कमी. म्हणून सिंगल कॉइलला २५० के आणि हंबकरला (दोन कॉइलवाल्या पिकअपला) ५०० के लावायची पद्धत आहे. पण पॉटवर छापलेला आकडा खरा धरू नका, २० टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे २५० चा पॉट २०० चा पण निघतो न ३०० चा पण. मल्टिमीटर लावून मोजा आणि आवाज मुळातच भडक असेल तर कमी निघालेला वापरा. लोकल इलेक्ट्रॉनिक्स दुकानात मिळतात ते पॉट बहुतेक बी टेपरचे (एकसारखे बदलणारे) असतात, व्हॉल्यूमला ए टेपरचा (कानाला आवाज हळूहळू वाढतो असा) घ्या, ऑनलाइन मागवावा लागला तरी चालेल. आणि मोठे पॉट पिकगार्डच्या भोकात बसत नाहीत, गोल कानस जवळ ठेवा.

टोनच्या पॉटवर ट्रेबल कापणारा जो कपॅसिटर असतो त्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, महागडा कशाला? ०.०२२ का ०.०४७ मायक्रोफॅरड हा फरक कानाला कळतो, कंपनीचा फरक मला तरी कधी कळला नाही. त्यापेक्षा ट्रेबल ब्लीड लावा, म्हणजे व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुटच्या मधे १५० के चा रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर एकमेकांना समांतर. व्हॉल्यूम कमी केला की आवाज जो कोंदट व्हायचा तो होत नाही, आणि खर्च चहा-नाश्त्याएवढा पण नाही.

आता घरघर. इथं दोन गोष्टी लोक एकच समजतात. ट्यूबलाइट, चार्जर, फॅनचा रेग्युलेटर ह्यांची चरचर येते ती गिटारच्या आतल्या खाचेला कॉपर टेप लावून तो ग्राउंडला जोडला की बरीच कमी होते. पण ५० हर्ट्झचा जो हम्म असा आवाज ट्रान्सफॉर्मरजवळ येतो तो चुंबकीय असतो, त्याला टेप काही करत नाही, त्याला दोन उलट्या कॉइलच लागतात. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ ला हंबकरचं पेटंट मागितलं ते ह्याच्याचसाठी. आजकालच्या बऱ्याच सेटमधी मधला पिकअप उलटा गुंडाळलेला न उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळं स्विचच्या दुसऱ्या न चौथ्या जागेवर, जिथं दोन पिकअप एकत्र वाजतात, घरघर गायब होते. (१९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, लोक तो मधेच अडकवून वाजवायचे, पाच जागांचा कंपनीकडून १९७७ ला आला.)

आणि घराची अर्थिंग तपासा, हे मी हात जोडून सांगायलोय. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळती, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो न अर्थिंग नावालाच राहते. गिटारच्या तारा ब्रिजमधून (खाली तारा जिथं अडकवतात त्या धातूच्या भागातून) ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे अँपमधी काही बिघडलं तर करंट थेट बोटाला. एप्रिल-मेमधी खड्ड्यात पाणी टाकत जा, आणि अँपचा तीन पिनचा प्लग दोन पिनचा करून लावू नका.

एका मित्राचा नेक पिकअप (मानेकडचा) बंद पडला होता, मीटरवर ओपन, म्हणजे तार कुठंतरी तुटलेली, दाखवायला. सगळे म्हणले टाकून दे. आम्ही तो मोटार वाइंडिंगच्या दुकानात नेला, तिथले मामा दिवसभर शेतातल्या पंपाच्या मोटारी भरतात. तार बघून म्हणले, "आरं ही तर केसावानी हाय, वेढे किती?" मी सांगितलं, साधारण सात-आठ हजार. ४२ गेजची तार, जाडी ०.०६३ मिलिमीटर. मामांनी भिंग लावून बघितलं, बाहेरचं टोक जिथं वायरीला जोडलेलं असतं तिथंच तुटलं होतं. एक वेढा सोडवला, तारेवरचं वार्निश काढलं, बारीक डाग दिला, मीटरवर ५.८ के. असा माणूस आपल्या दर तालुक्याला आहे न आपण पिकअप कचऱ्यात टाकायलोय. हां, आतलं टोक तुटलं असेल तर मात्र पूर्ण नव्यानं भरावा लागतो.

डाग देताना ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, पॉटची पाठ सँडपेपरनं घासा, आणि कूलर बंद करा, मे महिना असला तरी. कूलरच्या वाऱ्यात पॉट तापतच नाही, तुम्ही टेकवून बसता न आतली कार्बन पट्टी खराब होते. स्ट्रॅटमधी सगळं पिकगार्डवरच असतं, ते टेबलवर ठेवून आरामात करा, शेवटी तीनच वायरी राहतात, जॅकच्या दोन आणि ब्रिजच्या ग्राउंडची एक. जुन्या वायरिंगचा फोटो आधी काढून ठेवा. तारा चढवायच्या आधी केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टकटक करा, आवाज आला म्हणजे जोडणी बरोबर.

एवढं केल्यावर वाजवा. तरी आवाज कडक वाटला तर मग पिकअप. स्वस्त पिकअपमधी लोखंडी खुंट्या न खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, अल्निको ५ (चुंबकाचा एक मिश्रधातू) मधी खुंट्या स्वतःच चुंबक असतात, आवाज मोकळा येतो. वेगवेगळ्या कंपनीचे मिसळले आणि दोन एकत्र केल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटा आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याला कापतोय, एका पिकअपच्या दोन्ही वायरी अदलाबदल करा.

पिकअपची उंची, म्हणजे पिकअप न तार ह्यांच्यातलं अंतर, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा, जाड तारेकडं २.४ मिलिमीटर, बारीककडं २. जवळ नेलं की आवाज मोठा होतो खरा, पण अल्निकोचं चुंबक जाड तार ओढतं न वरच्या फ्रेटवर सूर थरथरायला लागतो. परभणीत कुणाला करायचं असेल तर गिटार घेऊन या, आयर्न न मीटर माझ्याकडं आहे, पॉट तेवढे तुमचे आणा.