पावणेदोन लाखांचा ब्रेक

नवी गाडी घेणारे लोक शोरूममध्ये बसतात आणि सेल्सच्या मुलांना प्रश्न विचारतात. मागे वर्कशॉप असतं, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. नारायणगावचे डॉक्टर मात्र त्या दिवशी थेट माझ्याकडे आले. मॅडमही सोबत होत्या.

त्यांची जुनी सेडान कित्येक वर्षं मीच सांभाळतोय. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. स्वतःचं हॉस्पिटल नाही. मंचर, आळेफाटा, राजगुरुनगर, चाकण, जिथून फोन येईल तिथे जायचं. सिझेरियन रात्री दोनला ठरलं की दोनला निघायचं, आणि पेशंट शुद्धीवर आला की एकट्यानं परतायचं. पुणे-नाशिक हायवेचा त्यांच्याइतका अनुभव आमच्या टेस्ट ड्रायव्हरलाही नसेल.

"दादा, मॉडेल ठरलंय, रंगही ठरलाय. फक्त ते एडास घ्यायचं की नाही, तेवढं खरं खरं सांगा."

गाडी तीच, इंजिन तेच. एडास, म्हणजे रडार आणि कॅमेऱ्यानं रस्ता बघून ड्रायव्हरला सावध करणारी आणि गरज पडली तर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा, फक्त वरच्या व्हेरियंटला होती आणि ऑन-रोड फरक पावणेदोन लाखांच्या आसपास. डॉक्टरांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: आत्ता खालचं घेऊ, पुढे वाटलं तर पैसे भरून चालू करून मिळेल का? आमच्या गाड्यांत तसं होत नाही. खालच्या व्हेरियंटमध्ये पुढचा रडार नसतो, काचेवरचा कॅमेरा नसतो, मागच्या बंपरच्या कोपऱ्यातले रडारही नसतात. नुसतं सॉफ्टवेअर टाकून काय चालू करणार? टेस्लासारख्या गाडीत सामान आधीच बसवलेलं असतं, म्हणून तिथे ते नंतर पैसे भरून चालू करता येतं. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत हा निर्णय बुकिंगच्या दिवशीच करावा लागतो.

त्या वेळी वर्कशॉपमध्ये एक गाडी कॅलिब्रेशनला उभी होती. दगड लागून पुढची काच फुटली होती, मालकानं बाहेरून स्वस्तात काच बसवून घेतली आणि तेव्हापासून गाडी लेनमध्ये एका बाजूला ओढायला लागली. डॉक्टरांना मी तीच दाखवली. आरशामागचा कॅमेरा काचेला टेकून बसतो. काच बदलली की त्याची नजर किंचित का होईना, हलतेच. एक अंश हलली तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची निम्मी रुंदी. म्हणून गाडी सपाट फरशीवर घ्यायची, टायरची हवा मापात करायची, डिकी रिकामी करायची आणि समोर मोजून ठरवलेल्या अंतरावर टार्गेट बोर्ड उभा करून कॅमेऱ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवायचं. काचेचा खर्च इन्शुरन्समधून निघतो, पण कॅलिब्रेशन न करता गाडी बाहेर काढली तर ती सगळी यंत्रणा चुकीच्या दिशेला बघत राहते. पुढच्या बंपरचंही तसंच. रडारसमोर जाड पुट्टी भरून रंग मारला की तो आंधळा होतो. बंपरपुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्रानं 2017 मध्येच बंदी घातली, तरी लोक बसवतात आणि मग एडास चालत नाही म्हणून माझ्याकडे येतात.

"म्हणजे घेतल्यावर ते जपावंही लागणार," मॅडम म्हणाल्या. मला बरं वाटलं. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही.

एवढ्यावर निर्णय द्यायचा नव्हता. टेस्टची गाडी काढली. स्टिअरिंगवर डॉक्टर, शेजारी मी, मागे मॅडम. भोसरीतून निघालो. मोशीपासून चाकणपर्यंत जे झालं त्यानं डॉक्टर वैतागले. क्रूझ लावली की गाडी ठरवलेल्या वेगानं आपोआप चालते आणि समोरच्या वाहनापासून अंतर ठेवते, आणि आपल्याकडे मोकळं अंतर म्हणजे शिरायला जागा. बाइकवाला शिरला, रिक्षा शिरली, कंटेनरनं नाक घातलं. दर वेळी गाडी ब्रेक मारून मागे राहायची. पांढरे पट्टे कुठे पुसलेले, कुठे खडीखाली गेलेले, त्यामुळे लेनचं चिन्ह सारखं लागायचं आणि विझायचं. भोसरी ते हिंजवडी एवढीच ज्याची रोजची फेरी आहे, त्याला मी हे व्हेरियंट घ्या असं सांगत नाही. सहा एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, असलेलं व्हेरियंट घ्या, उरलेल्या पैशांत टायर वेळच्या वेळी बदला, हाच माझा सल्ला असतो.

राजगुरुनगरच्या बायपासला रस्ता मोकळा झाला, पट्टे दिसू लागले आणि गाडी सुरेख चालायला लागली. डॉक्टरांनी सहज हात काढले. काही सेकंदांत गाडीनं हात ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, ही लेव्हल टू आहे. स्टिअरिंगला आणि वेगाला ती मदत करते, पण ड्रायव्हर तुम्हीच. पाय ब्रेकजवळच राहू द्या." पेशंटला भूल दिल्यावर मॉनिटर लावलेला असतो, तरी भूलतज्ज्ञ उठून बाहेर जात नाही. हे त्यांना जास्त समजवावं लागलं नाही.

परत फिरलो तेव्हा दिवस मावळला होता. जानेवारी, म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. क्रूझ ऐंशीवर, पण पुढे एक टेम्पो साठच्या आसपास चाललेला, म्हणून आमचीही गाडी त्याच्यामागे साठनं. अचानक टेम्पो उजवीकडे वळला. रस्ता मोकळा झाला असं समजून गाडीनं वेग घेतला. आणि टेम्पोनं जे चुकवलं होतं ते आमच्यासमोर आलं: उसानं भरलेली ट्रॉली, पंक्चर होऊन उभी, अर्धी डांबरावर. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे हिरव्या डहाळ्या टाकलेल्या.

गाडीचा इशारा वाजला तेव्हा डॉक्टरांचा पाय ब्रेकवर पडलेला होता. पेडल थरथरलं, मॅडमची पर्स पुढच्या सीटवर आदळली आणि ट्रॉलीपासून गाडीभर अंतर ठेवून आम्ही थांबलो.

आधी खाली उतरून डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि ट्रॉलीच्या बराच मागे नेऊन ठेवला. ट्रॅक्टरवरचा पोरगा विशीतला असेल, जॅक घेऊन येणाऱ्याची वाट बघत बसला होता. त्रिकोण त्याच्याकडेच ठेवून आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर डॉक्टरांचा आवाज चढला. "ही आपणहून जोरात निघाली, दादा! पावणेदोन लाख कशासाठी द्यायचे मग?"

जे होतं ते सांगितलं. रडारला चालती वस्तू चांगली कळते. थांबलेल्या वस्तू रस्त्यावर सगळीकडे असतात: पाट्या, कठडे, पुलाचे खांब. प्रत्येकासाठी ती ब्रेक मारू लागली तर दर फर्लांगाला थांबेल. म्हणून उभ्या वस्तूंबाबत तिला कॅमेऱ्याची साक्ष लागते, आणि कॅमेरा शिकलाय गाड्यांच्या, ट्रकच्या, बाइकच्या पाठी ओळखायला. अंधारातला उसाचा भारा त्याला वाहन वाटेलच असं नाही. त्यातून पुढचं वाहन ऐन वेळी बाजूला झालं तर वेळही उरत नाही. गाडीच्या पुस्तकात ही मर्यादा लिहिलेली असते, पण शोरूममध्ये ते पान कुणी उघडून दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की रात्री, उसाच्या हंगामात, आपल्या हायवेवर क्रूझ लावूच नये.

मॅडम बराच वेळ बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "आत्ता संध्याकाळ आहे, तुम्ही जागे आहात, शेजारी दादा आहेत. म्हणून पाय पडला. पहाटे चारला आळेफाट्याहून एकटे येताना पडेल?"

डॉक्टर गप्प झाले.

खरा हिशोब तोच होता. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. माणूस जागा असला तरी दीड सेकंद जातो, म्हणजे तेहतीस मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपतात. पेंगलेल्या माणसाचे किती संपतील? आणि रोज उभी ट्रॉलीच आडवी येते असं नाही. बहुतेक वेळा समोर साधा ट्रक असतो, टेललॅम्प लागलेला, हळू झालेला, आणि तो या यंत्रणेला चांगला ओळखू येतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात स्वयंचलित ब्रेक असलेल्या गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात निम्म्यानं कमी आढळले. आपल्या देशात 2022 मध्ये 1,68,491 माणसं रस्ते अपघातांत गेली, आणि दर पाचातला साधारण एक अपघात मागून धडकेचा होता. डॉक्टरांना मी सांगितलं, "पैसे त्या ब्रेकसाठी द्या. बाकीचं मिळालं तर मिळालं. क्रूझ वाटलं तर वापरू नका, पण इमर्जन्सी ब्रेक कधी बंद करू नका. आणि झोप आली तर गाडी बाजूला घ्या, त्याला पर्याय नाही."

त्यांनी वरचं व्हेरियंट बुक केलं. सही करताना मॅडमनी सेल्सच्या मुलाला विचारलं, "आम्हाला सनरूफ नको, मोठा स्क्रीन नको, गार हवेच्या सीटा नकोत. फक्त हा ब्रेक मिळेल का, तेवढ्याच पैशांत?" मिळत नव्हतं. सगळं एकत्रच घ्यावं लागतं.

हे मला मनापासून खटकतं. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला हा ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडे तो सनरूफच्या शेजारी चैनीच्या यादीत बसतो, आणि रात्री-अपरात्री रस्त्यावर असणारी नर्स, भाजीची पिकअप चालवणारा, कॅबवाला, यांच्या गाडीपर्यंत पोचतच नाही. त्या संध्याकाळी कंपनीच्या फीडबॅकच्या फॉर्ममध्ये मी तेच लिहिलं: इमर्जन्सी ब्रेक सगळ्यात खालच्या व्हेरियंटपासून द्या, सनरूफ वर ठेवा. ग्राहकाच्या रकान्यात डॉक्टरांनी स्वतःहून सही केली, आणि खाली मॅडमनीही.